शाळेच्या चढावरचं मीठ

त्या गुरुवारी लॉर्ना मेटकाफला काहीही करायचं नव्हतं, आणि त्याची तयारी ती गेले तीन आठवडे करत होती. पतपेढीत तिनं रजा टाकली होती. घरी मात्र अवाक्षर काढलं नव्हतं. नवरा क्रेग खाली खोऱ्यात ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कारखान्यात जाईल, आठ वर्षांची मेसी शाळेत जाईल, आपण नेहमीसारखे ऑफिसचे कपडे घालून बाहेर पडू, आणि मेसीला सोडून गुपचूप घरी परत येऊ, असा सगळा बेत होता. परत आल्यावर टब भरून गरम पाणी, त्यात मावशीनं ख्रिसमसला दिलेला लव्हेंडरचा अर्क, एक जाडजूड खुनाची कादंबरी आणि चॉकलेट लावलेली आल्याची बिस्किटं. बिस्किटांचा डबा तिनं कपडे धुण्याच्या पावडरीमागे लपवला होता. त्या घरात याहून सुरक्षित जागा नव्हती, कारण तिथं तिच्याशिवाय कोणाचा हात कधी जात नसे.

यात पाप काही नव्हतं. नवऱ्यावर तिचं प्रेम होतं, मुलीवर तर जीव होता. पण मेसी झाल्यापासून ती त्या घरात एकटी अशी कधी बसलीच नव्हती. घर रिकामं असलं की कसं वाटतं, तेच ती विसरून गेली होती. तिला एक दिवस असा हवा होता, की ज्या दिवशी कोणी "आई" म्हणून हाक मारणार नाही आणि "अगं, माझे मोजे कुठंयत?" असंही कोणी विचारणार नाही. क्रेगला सांगितलं असतं तर तो खुशाल हो म्हणाला असता. आणि लगेच पुढं म्हणाला असता, "घरी आहेसच, तर तो गटारवाला येणारेय, त्याला दार उघड." म्हणून सांगितलं नाही.

बुधवारी दुपारी बर्फ पडायला लागला.

आमच्या हार्थबेकमध्ये शाळा चालू राहणार की बंद, हे सरकार ठरवत नाही आणि हवामान खातंही ठरवत नाही. ते ब्रेंडाची गाडी ठरवते. ब्रेंडा शाळेत स्वैपाक करते. शाळा गावाच्या डोक्यावर, एका उभ्या चढाच्या टोकाला आहे. ब्रेंडाची जुनी लाल गाडी तो चढ चढली, तर मुलांना दुपारी गरम जेवण मिळतं आणि शाळा भरते. गाडी वळणावरून मागं घसरली, की मोठ्या बाई, म्हणजे ऑल्डरसन बाई, रेडिओवाल्यांना फोन करतात, आणि बंद शाळांच्या नावांत आमचंही नाव वाचलं जातं. दोघी शिक्षिका खिंडीपलीकडच्या शहरातून येतात, पण खिंडीतला रस्ता मोठा. तिथं बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकणारी कौन्सिलची गाडी पहाटेच फिरून जाते, त्यामुळे त्यांची कोणाला काळजी नसते. आमच्या चढावर मात्र ती गाडी कधी फिरकत नाही. चढाच्या पायथ्याशी कौन्सिलनं खडेमिठानं भरलेली एक पिवळी पेटी ठेवून दिली आहे. ज्याला गरज असेल त्यानं फावडं आणावं आणि आपल्या हातानं रस्त्यावर मीठ टाकावं.

बाईंना थेट फोन करून "उद्या शाळा आहे का हो?" असं विचारायची पद्धत नाही. तसं कोणी केलं तर गाव त्याला वाळीत टाकणार नाही, पण लक्षात मात्र ठेवील.

संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर आनंदाला उधाण आलं. पालक-मंडळाची अध्यक्ष हिलरी फादरगिल हिनं लिहिलं, "बिचाऱ्या पिल्लांना मिळू दे गं बाई उद्या सुट्टी! आपल्या लहानपणी काय धमाल यायची!" सोबत बर्फाच्या माणसांची तीन चित्रं. जुळ्या मुलांचे वडील असलेले पाद्री डंकनसाहेब यांनी लिहिलं, "आम्ही सगळे आकाशाकडे डोळे लावून बसलो आहोत." तीन मुलींचा बाप आयव्हसन, हा गुरं राखणारा माणूस, शब्द जपून वापरतो. त्यानं नुसता अंगठा टाकला. लॉर्नानं लिहिलं, "आमची मेसी तर नाचतेय! होऊनच जाऊ दे सुट्टी!" आणि फोन पालथा घातला. खोटं लिहिल्याचं तिला वाईट वाटलं. पण 'शाळा चालू राहू दे' असं ग्रुपवर लिहिणारा पालक हार्थबेकमध्ये अजून जन्माला यायचा होता.

मेसी खरंच नाचत होती. तिनं पायजमा उलटा घातला होता.

"असं केलं की बर्फ पडतोच," ती म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतात. आणि उशीखाली चमचा ठेवायचा. लाकडाचा चालत नाही."

ती झोपल्यावर लॉर्ना थोडा वेळ पलंगापाशी उभी राहिली. असल्या गोष्टींवर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. पायजमा सुलटा करायचा म्हटला तर पोर जागी झाली असती, म्हणून तो राहू दिला. चमचा मात्र तिनं हळूच काढून घेतला.

खाली क्रेग खिडकीशी उभा होता.

"पडतोय अजून?" तिनं विचारलं.

"पडतोय ना." त्याचा आवाज खोल गेला होता. "शाळा बंद ठेवू नये असल्या कारणांसाठी. पोरांचं नुकसान होतं."

लॉर्नानं चमकून पाहिलं. याच क्रेगनं स्वतःच्या शाळेचा अर्धा काळ ओढ्यात मासे धरण्यात घालवला होता.

"बंद राहिली तर घरी राहायची पाळी तुझी," ती म्हणाली.

"माझी? मेसीला कांजिण्या आल्या तेव्हा कोण राहिलं होतं?"

"कांजिण्या धरायच्या नाहीत. बर्फाचा हिशेब बर्फात."

"हे कधी ठरलं?"

"आत्ता."

क्रेग कुरकुरत तोंड धुवायला वर गेला आणि भिंतीतून घू-घू असा आवाज आला. त्या घरात गरम पाण्याचा नळ सोडला की पाइप अगदी घुबडासारखा घुमायचा. क्रेग दुनियेचे ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, पण या पाइपाला त्यानं दोन वर्षांत हात लावला नव्हता. "रविवारी बघतो," असं तो म्हणे. रविवार कुठला, ते कधी सांगत नसे.

पहाटे लॉर्नाला जाग आली ती शांततेनं. बर्फ पडून गेला की सगळ्या गावाचा आवाज बंद होतो, तशी ती शांतता होती. तिनं पडदा सारला. दिव्याच्या उजेडात शाळेचा चढ पांढराशुभ्र दिसत होता, त्यावर मांजराचं पाऊलसुद्धा उमटलेलं नव्हतं. ब्रेंडाची गाडी त्यावर चढणं शक्यच नव्हतं. लॉर्नाच्या डोळ्यांपुढून टब, कादंबरी आणि बिस्किटं एकेक करून निघून गेली. मग तिला पिवळी पेटी आठवली.

रात्रीच्या झग्यावरच तिनं जाड कोट चढवला, क्रेगचे गमबूट पायात घातले, शेगडीजवळचं कोळशाचं फावडं घेतलं आणि चोरपावलांनी ती बाहेर पडली. पेटीचं झाकण गोठलं होतं, ते तिनं दोन लाथा घालून उघडलं. पहिली चार-पाच फावडी रस्त्यावर टाकून होतात न होतात, तोच पेटीच्या पलीकडून खर्र असा आवाज आला. एक वाकलेली आकृती समुद्रकिनाऱ्यावर मुलं खेळतात तसल्या गुलाबी प्लॅस्टिकच्या बादलीत मीठ भरत होती.

"पाद्रीसाहेब! तुम्ही?"

डंकनसाहेब ताठ उभे राहिले. बादली त्यांनी पाठीमागे नेली. "अं... शुभ सकाळ, लॉर्ना. चर्चच्या पायऱ्यांसाठी म्हटलं थोडंसं मीठ न्यावं."

चर्च गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि त्याच्या दारात स्वतःची वेगळी पेटी होती.

"मीही तेच," लॉर्ना म्हणाली. "आमच्या अंगणातल्या पायवाटेसाठी."

पाद्रीसाहेबांनी बादली पुन्हा पुढं आणली.

"नेता नेता इथं थोडंसं सांडलं," पाद्रीसाहेब विचारपूर्वक म्हणाले, "तर तसं काही बिघडत नाही."

"सांडतंच हो," लॉर्ना म्हणाली.

मग दोघं जोमानं सांडू लागले. वळणापर्यंत पोचले असतील, तेवढ्यात खालून एक प्रखर उजेड हलत हलत वर आला. कपाळाला दिवा बांधलेली हिलरी फादरगिल ढकलगाडी ढकलत येत होती. ढकलगाडीत फावडं, घमेलं आणि झाडू असं सगळं होतं.

"अय्या! तुम्ही सगळे इथं?" ती धापा टाकत म्हणाली. "मी काय, रोजच या वेळेला चालायला निघते."

"ढकलगाडी घेऊन?" लॉर्नानं विचारलं.

"तोल नीट राहतो."

सभ्य गावात अशा वेळी कोणी काही बोलत नाही. तिघं एकमेकांकडे पाठ करून आपापल्या पायवाटेसाठी, पायऱ्यांसाठी आणि तोलासाठी मीठ टाकत राहिले. तेवढ्यात घरघर आवाज करत, दोन्ही दिवे लावून, पुढं लोखंडी फाळका बांधलेला ट्रॅक्टर आला. वर आयव्हसन बसला होता. त्यानं खाली या तिघांकडे पाहिलं.

"काय चाललंय?"

"काही नाही, काही नाही," तिघं एकदम म्हणाले. "तू?"

आयव्हसननं टोपी मागं सारली. "घरात तीन पोरी आहेत. काल दुपारपासून भांडतायत. आज शाळा झालीच पाहिजे."

सगळे सुन्न झाले. इतकं उघड कोणी बोलेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. मग हिलरीच्या हातून ढकलगाडी सुटली.

"काय सुंदर बोललास रे!" ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. "माझा एडमंड आहे ना, तो सुट्टी पडली की ढोल वाजवतो. खराखुरा ढोल. त्याच्या आत्यानं दिलाय. त्या आत्याशी मी बोलत नाही."

"आमेन," पाद्रीसाहेब म्हणाले.

त्यानंतर बांध फुटल्यासारखं झालं. पाद्रीसाहेबांना शहरात बिशपसाहेबांना भेटायचं होतं. हिलरीला शहरातच दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. लॉर्ना म्हणाली, "आणि मला पतपेढीत अगदी महत्त्वाचं काम आहे." मनातल्या मनात तिनं त्या महत्त्वाच्या कामात लव्हेंडर कालवलं. हळूहळू आणखी पालक आले. प्रत्येकाकडे काही ना काही होतं, कोणाकडे भाजण्याचा ट्रे, कोणाकडे मांजराच्या घाणीचं फावडं. कोणीही "कशाला आलात?" असं विचारलं नाही. आयव्हसन बर्फ बाजूला सारत पुढं जाई आणि बाकीचे मागून मीठ पेरत जात. लॉर्नाचे हात दुखत होते, नाक गळत होतं, आणि तरी तिला विलक्षण बरं वाटत होतं. एवढ्या माणसांनी मिळून एवढ्या मनापासून आमच्या गावात क्वचितच काही केलं असेल.

उजाडायला लागलं तेव्हा चढ खालपासून वरपर्यंत काळाकुळकुळीत झाला होता. लांबून ब्रेंडाच्या गाडीचा खोकला ऐकू आला तसे सगळे पटापट दगडी कुंपणामागे लपले. लाल गाडी आली, चढू लागली, वळणावर क्षणभर अडखळली. हिलरीनं पाद्रीसाहेबांचा दंड घट्ट धरला. गाडीनं एक धक्का घेतला आणि ती वळण घेऊन वर दिसेनाशी झाली. कुंपणामागे कोणाच्या तोंडून आवाज निघाला नाही, पण दहा-बारा माणसं बर्फात उड्या मारत होती.

लॉर्ना घरी आली. झगा मिठानं आणि चिखलानं भरला होता, तो तिनं धुण्याच्या टोपलीत कोंबला आणि ऑफिसचे कपडे घालून ती खाली स्वैपाकघरात आली. क्रेग आणि मेसी पावाचे भाजलेले तुकडे हातात धरून रेडिओपुढं बसले होते.

"कुठं होतीस?" क्रेग म्हणाला.

"पायवाट साफ करत होते."

"पायवाटेवर तर हा एवढा बर्फ आहे!"

"शेजाऱ्यांची," लॉर्ना म्हणाली. "ऐक, नावं वाचतोय."

रेडिओवाला बंद शाळांची नावं वाचू लागला. खोऱ्यातल्या शाळा झाल्या, डोंगरावरच्या झाल्या. मेसीनं डोळे मिटले होते आणि बोटं गुंफली होती. क्रेगनं पावाचा घास चावणं थांबवलं होतं. नावं संपली आणि रेडिओवर मेंढ्यांचे बाजारभाव सुरू झाले.

"आमचं नाव विसरला तो!" मेसी ओरडली.

"विसरला नाही गं!" आई आणि बाबा एका सुरात म्हणाले, आणि ते इतक्या आनंदानं म्हणाले की मेसीनं दोघांकडे आळीपाळीनं रोखून पाहिलं. मग तिची नजर आईच्या हाताकडे गेली.

"माझा चमचा कुठंय?"

लॉर्ना त्याच चमच्यानं चहा ढवळत होती.

क्रेग शीळ घालत आपली गाडी घेऊन निघून गेला. लॉर्ना मेसीला घेऊन निघाली. घरापुढं गाडी दिसू नये आणि आपण कामाला गेलो असं वाटावं म्हणून तिनं गाडी चढाच्या पायथ्याशी, एका आडगल्लीत लावली, आणि दोघी चालत वर गेल्या. फाटकापाशी सगळे पहाटेचे मजूर स्वच्छ कपड्यांत, आपापली पोरं घेऊन उभे होते. कोणी कोणाला ओळख दाखवत नव्हतं. मुलांना आत ढकलायचं आणि वळून सुटायचं, एवढंच प्रत्येकाच्या मनात होतं. तेवढ्यात ऑल्डरसन बाई हातात घंटा घेऊन पायरीवर आल्या.

"पालकांनी जरा थांबा!"

ज्या आवाजानं तीस वर्षं हार्थबेकची पोरं जागच्या जागी थिजली आहेत, त्या आवाजानं पालकही थिजले. त्यातले निम्मे त्याच पोरांपैकी होते.

"खिंडीत एक मालट्रक आडवा झालाय," बाई म्हणाल्या. "रस्ता दुपारपर्यंत उघडत नाही. आपल्या दोघी शिक्षिका पलीकडं अडकल्यात. खरं सांगते, शाळा बंद ठेवायची म्हणून मी रेडिओला फोन लावायलाच घेतला होता. मग खिडकीतून पाहिलं, तर चढ स्वच्छ! मला वाटलं माझा चष्मा बिघडला. ब्रेंडा म्हणाली, बाई, मी कुंपणामागं माणसं पाहिली."

पाद्रीसाहेब आकाशाकडे बघू लागले.

"ज्या गावातले पालक आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी," बाईंनी चष्मा काढून पुसला, "काळोखात, थंडीत उठून रस्त्यावर मीठ टाकतात, त्या गावात शाळा बंद ठेवायची मला लाज वाटली. फोन मी खाली ठेवला."

"पण बाई," आयव्हसननं घाबरत घाबरत विचारलं, "शिकवणार कोण?"

बाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. घोडेबाजारात फिरवतात तशी ती नजर होती. कोणाला आज कुठं जायचंय, हे गावात बाईंना नेहमी आधीच कळलेलं असायचं.

"खिंड बंद म्हणजे पलीकडं जाणारे सगळे आज मोकळेच की. पाद्रीसाहेब, तुम्हाला शहरात जायचं होतं ना? मोठ्यांना गणित द्या. हिलरी, तुझे दात काही पळून जात नाहीत, तू ब्रेंडाच्या हाताखाली. आणि लॉर्ना, तुझी पतपेढीही पलीकडंच ना?"

लॉर्नानं तोंड उघडलं. 'मला पतपेढीत जायचंच नव्हतं, मला घरी जायचंय,' असं सांगायचं म्हटलं तर ते मेसीसमोर, पाद्र्यासमोर आणि सगळ्या गावासमोर सांगावं लागलं असतं. तिनं तोंड मिटलं.

"हो बाई, महत्त्वाचं काम होतं तिथं," ती म्हणाली.

"मग लहान वर्ग तुझा. मुलांबरोबर राहायला लागते ती पोलीस-तपासणी तुम्हा सगळ्यांची उन्हाळी सहलीच्या वेळी झालेलीच आहे, तेव्हा कायद्याचीही अडचण नाही."

"माझी गुरं मात्र अलीकडं आहेत हं," आयव्हसन एक पाऊल मागं घेत म्हणाला.

"गुरांना जेवणाच्या सुट्टीपर्यंत कळणारसुद्धा नाही. ट्रॅक्टर आणलाय ना? खेळाचा तास तुझा." आणि बाईंनी घंटा वाजवली.

लहान वर्ग म्हणजे पाच-सहा वर्षांची एकवीस मुलं, आणि ती सगळी गोड होती, यात वाद नाही. एकानं डिंक खाल्ला. एकीला स्वतःचे बूट ओळखू येईनात. एडमंडच्या धाकट्या भावाकडे ढोल नसल्यामुळे त्यानं डबा घेतला. आणि लहान मुलांची जी एक खोड जगभर असते, तीही त्यांना होती. शिक्षिकेला हाक मारता मारता ती चुकून "आई" म्हणत. एकदा एक चुकला की बाकीच्यांनाही तेच बरं वाटे.

"आई, माझा रंग सांडला."

"आई, हा मला ढकलतोय."

"आई, मला शू लागलीय."

ज्या दिवशी एकाही तोंडून ऐकायची नव्हती ती हाक लॉर्ना एकवीस तोंडांतून ऐकत होती. मध्येच मेसी खिडकीतून डोकावून आपल्या मैत्रिणींना अभिमानानं म्हणाली, "ती खरी माझी आई आहे," तेव्हा लॉर्नानं तिला हात हलवलाही. पण ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता, कपाळाला हिरवा रंग लागला होता, आणि खिडकीबाहेर खाली तिच्या घराचं छप्पर दिसत होतं. त्या छपराखाली टब होता. तो रिकामा होता.

मधल्या सुट्टीत कोणाचा तरी गुडघा फुटला. पट्टी आणायला ती कचेरीत गेली. बाहेर बर्फ पुन्हा भुरभुरू लागला होता. ऑल्डरसन बाई कपाटात डोकं घालून काही शोधत होत्या, आणि टेबलावरचा फोन वाजत होता.

"उचल गं तेवढा," बाई कपाटातून म्हणाल्या.

"हार्थबेक शाळा," लॉर्ना घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"नमस्कार. मी मेसी मेटकाफचा बाबा, क्रेग. कामावरून बोलतोय." क्रेगचा आवाज अतिशय जबाबदार होता. "नाही, बर्फ परत सुरू झालाय, म्हणून म्हटलं विचारावं. शाळा लवकर सुटणार नाही ना? म्हणजे मुलांचं नुकसान नको व्हायला."

आणि त्याच्या पाठीमागे घुबड घुमलं. घू-घू-घू.

लॉर्ना फोन कानाला लावून तशीच उभी राहिली. कारखान्यात घुबड नव्हतं. अख्ख्या खोऱ्यात असं घुबड एकाच भिंतीत होतं, आणि ते गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडल्याशिवाय इतकं मोठ्यानं घुमत नसे. तिला आधी संताप आला. मग हसू आलं. दोन्ही एकदम आल्यामुळे तोंडातून नुसतं "हं" एवढंच निघालं.

"हॅलो?" क्रेग म्हणाला.

"थांबा हं जरा," ती आवाज आणखी घोगरा करून म्हणाली, आणि फोनवर हात ठेवून वळली. "बाई, एक पालक आहेत. घरीच आहेत. दिवसभर मोकळे."

बाईंचं डोकं एका झटक्यात कपाटाबाहेर आलं. त्यांनी फोन घेतला आणि आधी नाव विचारलं.

"मिस्टर मेटकाफ! देव पावला. आम्हाला लहान वर्गावर माणूस हवाच होता... कामावर आहात? असं? मग ते घुबड कसलं ओरडतंय?"

पलीकडून घाईघाईची पावलं ऐकू आली. मग नळ बंद झाल्यासारखं वाटलं.

"घरीच आहे, बाई," क्रेग म्हणाला. मुलगा असताना माशांची टोपली पाठीमागे लपवून तो याच आवाजात बोलत असणार.

"मग पळत या."

फोन ठेवून बाईंनी लॉर्नाकडे चष्म्यावरून पाहिलं. तिचं हिरवं झालेलं कपाळ, तिचे मिठानं सोलवटलेले हात आणि तिची खिडकीबाहेर खालच्या छपरावर लागलेली नजर, हे सगळं त्यांनी पाहिलं. तीस वर्षं सबबी ऐकलेल्या बाई होत्या त्या.

"तू जा आता," त्या म्हणाल्या. "तुझं ते पतपेढीतलं महत्त्वाचं काम आहे ना?"

"पण खिंड बंद आहे, बाई."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा कपाटात शिरल्या.

चढाच्या मध्यावर, वळणापाशी, दोघं समोरासमोर आले. क्रेगच्या अंगात त्याचा सगळ्यात जुना, सगळ्यात मऊ स्वेटर होता आणि दहा पावलांवरून लव्हेंडरचा वास येत होता.

"तू पतपेढीत नाहीस?" तो म्हणाला.

"तू कारखान्यात नाहीस?"

लॉर्नानं त्याच्या खांद्यावरचा बर्फ झटकला.

"कधी टाकलीस रजा?" क्रेगनं विचारलं.

"तीन आठवडे झाले. तू?"

"सोमवारी. गाडी पबच्या मागं लावून शेतातून आलो." तो बुटाकडे बघू लागला. "मला वाटलं, एक दिवस नुसतं बसावं. घरात कोणी नाही असं."

"सांगायचं होतंस की."

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, घरी आहेसच तर पाइप दुरुस्त कर."

लॉर्नानं मान डोलावली. ती अगदी हेच म्हणाली असती. मग तिला गटारवाला आठवला, आणि ती बर्फात उभी राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. क्रेगही हसायला लागला, पण जरा जपून.

"टब भरलायस?"

"काठोकाठ. मी उजवा पाय तेवढा बुडवला होता." त्यानं एकदा वर शाळेकडे पाहिलं. "कशी आहेत पोरं?"

"गोड आहेत. तुला आई म्हणतील. मनाला लावून घेऊ नकोस."

तिनं त्याच्या मफलरला गाठ मारली, गालावर ओठ टेकले आणि स्वतः मीठ टाकलेल्या रस्त्यावरून ती भराभर खाली उतरली. पाय कुठंही घसरला नाही.

घरात शिरताच तिला धुण्याच्या यंत्राची घरघर ऐकू आली. काचेआड तिचा सकाळचा झगा फिरत होता. धुण्याची पावडर ओट्यावर होती, आणि पावडरीमागची जागा रिकामी होती. लॉर्नानं त्या जागेवरून हात फिरवून पाहिला. या घरात त्या जागेला आपल्याशिवाय कोणी हात लावत नाही, असं ती इतके दिवस समजून होती.

टबातल्या पाण्यातून अजून वाफा निघत होत्या. तिनं कादंबरी आणली, दार लावलं आणि ती गळ्यापर्यंत पाण्यात उतरली. घरात कुठंही काहीही वाजत नव्हतं. टबाच्या कडेला क्रेगनं बशीत आल्याची बिस्किटं मांडून ठेवली होती, आणि त्यातलं एक अर्धं खाल्लेलं होतं. बाकीची तिनं एकेक करून संपवली. ते अर्धं मात्र त्याच्यासाठी ठेवलं.